जमिनीच्या पैशाची मोटार : द्यावी कीं ठेवावी?

शेतकऱ्याच्या घरीं येणारा पैसा दोन प्रकारचा असतो. एक पिकाचा व दुसरा जमिनीचा. पिकाचा पैसा थोडा असला तरी पाऊसपाण्याच्या कृपेनें पुढील सालीं पुन्हां येतो. जमिनीचा पैसा मोठा असतो, पण तो एकदांच येतो. हा भेद ज्याच्या ध्यानांत राहिला त्याचें घर सांवरलें, व ज्याच्या ध्यानांतून गेला त्याच्या दारांत बहुधा एक मोठी मोटार उभी दिसते. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. सेवानिवृत्तीनंतर कर्वेनगर येथें राहत असतां जुन्या ओळखीचे शेतकरी बंधु कागदपत्रें दाखवावयास येतात, आणि अलीकडे सात-बाराच्या जोडीला मोटारीचा प्रश्नही त्यांच्या पिशवींतून निघतो. "भाऊसाहेब, गाडी घेतली तेव्हां घेतली, आतां ती अंगावर आली आहे. देऊन दुसरी घ्यावी काय?" हा प्रश्न इतक्यांदां कानीं आला कीं त्याचा एकदां सविस्तर विचार या मासिकांतून करावा असें वाटलें.

आजचें कर्वेनगर म्हणजे पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. गणेश गोविंद गोखले या गृहस्थांनीं दिलेल्या सहा एकर जमिनीवर धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं आपला आश्रम पुण्याहून येथें आणला, तेव्हां हा सारा भाग रानाचा होता. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि तेथून हिंगण्यापर्यंतची वाट पायीं तुडवीत. पुढें शहर वाढत आलें, शेतांतून रस्ते गेले, आणि एकराचा हिशेब जाऊन गुंठ्याचा आला. चाळीस गुंठ्यांच्या एकरानें पूर्वीं एक कुटुंब जेमतेम पोसलें असेल. त्यांतील चार-दोन गुंठ्यांनीं आतां एकदम लाखांच्या राशी दाखविल्या. अशा पैशावर मोटारी घेणाऱ्यांस पुण्याकडे "गुंठामंत्री" म्हणूं लागले. हा शब्द थट्टेचा आहे, व ती थट्टा मला कधींच रुचली नाहीं. ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच हांकली गेली, त्यास एकदां गादीच्या गाडींत बसावेंसें वाटलें तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. प्रश्न आहे तो नंतरच्या हिशेबाचा.

एका परिचित शेतकऱ्याचें उदाहरण घेऊं. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें इकडील जमिनीचा एक तुकडा विकला, खडकवासल्याच्या बाजूची दोन एकर जमीन राखली, आणि कांहीं रोख व कांहीं कर्जानें मोठी डिझेलची मोटार आणली. पहिलें वर्ष लग्नकार्यांत व जेजुरी-पंढरपूरच्या वाऱ्यांत आनंदानें गेलें. दुसऱ्या वर्षीं गल्लींत गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशीं बोलाचाली सुरू झाली. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत न्यावयाच्या त्या पूर्वींप्रमाणें भाड्याच्या टेंपोनेंच जातात, कारण गादीच्या गाडींत चिखलाचा माल कोण घालणार? मुलगा कॉलेजास दुचाकीवरून जातो. मोटार आठवड्यांतून एखादे वेळीं हलते, पण बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेस चुकत नाहीं. त्यांतच २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला व वरचा उपकर गेला. मोठ्या गाड्यांवर उपकर धरून जो भार होता त्याऐवजीं सरसकट ४० टक्के कर आला. नव्या गाड्यांच्या किंमती उतरल्या म्हणजे जुन्यांच्याही उतरणारच. ज्यांनीं त्यापूर्वीं खरेदी केली त्यांचा पश्चात्ताप दुणावला, आणि "जुनी द्या, नवी घ्या" हें आमिषही त्याच वेळीं समोर आलें.

या ठिकाणीं पहिली गोष्ट मनांत पक्की धरावी ती ही, कीं गेलेल्या पैशाचा आजच्या निर्णयाशीं संबंध नाहीं. शेतकऱ्यास हें निराळें शिकवावयास नको. मृगांत पेरलेलें बीं पावसानें ओढ दिल्यामुळें करपलें, तर दुबार पेरणी करावी कीं नाहीं हें आपण पहिल्या बियाण्याच्या किंमतीवरून ठरवीत नाहीं. नक्षत्र कोणतें उरलें, ओल किती आहे, घरांत बीं किती आहे, हें पाहून ठरवितों. मोटारीसही तोच न्याय लावावा. "एवढे लाख घातले, आतां स्वस्तांत कशी देऊं?" असें म्हणणारा मनुष्य करपलेल्या बियाण्याचा हिशेब करीत बसला आहे.

आतां आंकडे पाहूं. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवितांना नव्या किंमतींतून वयाप्रमाणें घट वजा करतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजारांतील भाव यापेक्षां थोडा वर किंवा खालीं असूं शकेल, तथापि अंदाजास हें कोष्टक उत्तम आहे. समजा, १० लाखांची गाडी असून तीस तीन वर्षें पुरीं झालीं. कोष्टकाप्रमाणें तिचे ६ लाख धरले जातील, व आणखी एका वर्षानें ५ लाख. म्हणजे ती ठेवली तर येत्या वर्षाची घट १ लाख. तीच देऊन पुन्हां १० लाखांची नवी घेतली, तर वर ४ लाख भरावे लागतील. पेट्रोलची गाडी असल्यास महाराष्ट्रांतील एकरकमी वाहनकर ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार, निराळा. आणि वर्ष पुरें होतांच त्या नव्या गाडीचे ८ लाख राहिले, म्हणजे २ लाखांची घट. पहिल्या गाडीवर भरलेला कर तर विकतांना हातांत येतच नाहीं. एका वर्षांत जुनीनें १ लाख खाल्ले असते तेथें नवीनें ३ लाख १० हजार खाल्ले. नव्या कर्जाचें व्याज यांत धरलेलेंच नाहीं.

यावरून माझें मत स्पष्ट आहे. पश्चात्ताप झाला म्हणून एक मोटार देऊन दुसरी नवी घेणें हा पश्चात्तापावरचा उपाय नव्हे. घट सोसण्याचीं सर्वांत जड वर्षें पुन्हां पहिल्यापासून मोजण्याचा तो मार्ग आहे. ज्यास मोटार नकोशी झाली आहे त्यानें ती सरळ विकून मोकळें व्हावें, आणि ज्यास ती लागते त्यानें तीच नीट राखून आयुष्यभर चालवावी.

विकावी कीं राखावी हें कसें ठरवावें? एका वहींत तीन महिने गाडी कोणत्या दिवशीं, कशासाठीं व किती मैल चालली हें टिपावें. त्यासमोर हप्त्यांतील व्याज, विमा, इंधन, दुरुस्ती व वर्षाची घट यांचा चौथा हिस्सा लिहावा. तेवढ्याच फेऱ्या भाड्याच्या गाडीनें केल्या असत्या तर काय पडलें असतें तें शेजारच्या रकान्यांत मांडावें. घरांत वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, शेत दूर असून रोज जाणें-येणें असेल, तर तो रकाना गाडीच्याच बाजूनें झुकेल. मग लोकांच्या बोलण्याकडे न पाहतां गाडी ठेवावी. पण वही जर कोरीच राहिली, आणि विहिरीची दुरुस्ती, ठिबकच्या नळ्या किंवा गोठ्याचें छप्पर पैशावांचून अडलें असेल, तर गाडी विकण्यांत कमीपणा कसला? "लोक काय म्हणतील" हा विचार हप्ता फेडीत नाहीं. अर्थात् जी गाडी ठेवावयाची तीही किती काळ ठेवावी यास मर्यादा आहे. नोंदणीची मुदत १५ वर्षें असते. पुढें तपासणी करून नूतनीकरण होतें, पण २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये झाली, व २० वर्षांवरील गाडीस २०२५ पासून १० हजार.

गाडी द्यावयाची तर माल वाहणारी घ्यावी, असेंही कांहीं बंधु म्हणतात. विचार चांगला आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें शेतीच्या ट्रॅक्टरवरील करही १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. परंतु दोन एकरांस स्वतःचा ट्रॅक्टर लागतो काय, हा प्रश्नही त्याच वहींत सोडवावा; नाहीं तर दारांत उभ्या असलेल्या वस्तूचें फक्त नांव बदलेल.

ज्यांस अदलाबदलच करावयाची असेल त्यांस एवढेंच सुचवितों. दुकानदार जुन्या गाडीचा भाव व नव्या गाडीची सूट एकत्र कालवून सांगतो, तेव्हां कोणाची किंमत किती हें कळत नाहीं. जुनी गाडी न देतां नवी केवढ्यास पडेल हें आधीं लेखी घ्यावें, मग जुनीचा भाव आणखी दोन ठिकाणीं विचारावा. भाताचा भाव ठरविण्यापूर्वीं आपण दोन अडत्यांकडे जातोंच कीं नाहीं? विम्यांतील "नो क्लेम बोनस"ही विसरूं नये. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, पांच वर्षें दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जातो, व दाखला घेतल्यास पुढील गाडीच्या विम्यास लावतां येतो.

शेवटीं माझ्या जुन्या धंद्याची गोष्ट, म्हणजे कागद. सात-बारावरील इतर हक्कांत जसा बोजा चढतो तसाच कर्जाचा बोजा मोटारीच्या नोंदणीपत्रावरही चढलेला असतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन तो उतरवावा लागतो. तोंपर्यंत विक्री निर्वेध नाहीं. आणि जमिनीचें खरेदीखत झालें पण फेरफार झाला नाहीं, तर उताऱ्यावर नांव जुन्याचेंच राहतें, तसेंच येथेंही आहे. नमुना २९ व ३० भरून हस्तांतराची खबर आर.टी.ओ.कडे राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत द्यावयाची असते. बरेच लोक कोऱ्या नमुन्यावर सही करून किल्ली देतात व घरीं येऊन निर्धास्त झोंपतात. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत असें ठरविलें, कीं गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोंपविल्यास नमुना २९-क ची खबर द्यावयाची असते, व मग ती जबाबदारी व्यापाऱ्यावर जाते. तेव्हां ज्याच्या हातीं किल्ली द्यावयाची त्याचा परवाना आधीं पाहावा, व पोंच घेतल्याशिवाय उठूं नये.

कर्जाच्या कागदाविषयीं पुणें जिल्ह्यास तर विशेष स्मरण असावयास पाहिजे. मे १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, त्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. त्या काळचें ऋण बहुतेक पोटासाठीं व साऱ्यासाठीं काढलेलें असे, आणि त्यांत पुष्कळांची जमीन गेली. आज जमीन आधींच विकून वर मोटारीसाठीं ऋण काढलें जातें, हें त्याहून अधिक विचार करण्याजोगें आहे. जमिनीची मोटार एका दिवसांत होते. मोटारीची जमीन होत नाहीं. १९४८ च्या कुळकायद्यान्वयें शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच घेतां येते. ज्यानें आपल्या नांवचा शेवटचा गुंठाही विकला त्यास पुढें पैसा आला तरी शेतजमीन घेतांना अडचण उभी राहते. म्हणून मोटारीचा निकाल कांहीं लागो, उरलेल्या जमिनीस हात लावून हप्ते फेडूं नयेत. मोटार विकून आलेल्या पैशांतून प्रथम कर्ज निःशेष करावें व बाकी राहील ती उरलेल्या शेतांत घालावी.

एक सूचना करून हा लेख पुरा करतों. आपल्या संघाच्या मासिक बैठकींत खतें-बियाण्यांप्रमाणें या विषयासही अर्धा तास द्यावा. ज्यांस गाडी विकावयाची आहे त्यांनीं वही घेऊन यावें, ज्यांनीं विकली त्यांनीं आलेला भाव व लागलेले कागद सांगावे. एका गांवांतून चार टेंपो निरनिराळे भाड्यानें जात असतील तर एकत्र माल नेण्याचाही विचार तेथेंच निघेल. शेतकऱ्यानें मोटारींत बसूं नये असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. तिचा खर्च दर सालच्या पिकानें पेलावा, इतकेंच म्हणणें आहे.