तांबोळीचं तंबोली झालं तेव्हा

मागच्या वर्षी भोरला चाचांचा एक ऑनलाइन अर्ज भरून देत होतो. इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटत होतं. आडनाव टाकलं, टी-ए-एम-बी-ओ-एल-आय. उमटलं 'तंबोली'. खोडून 'तांबोळी' लिहावं म्हटलं तर तो रकाना हात लावू देईना. चाचा म्हणाले, "असू दे रे. आपल्याला माणसं तोंडावरून ओळखतात." तीन महिन्यांनी अर्ज परत आला. कारण, अर्जातलं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, दोन खेपा, एका दिवसाची बुडालेली मजुरी. परतताना एसटी स्टँडवर चाचांनी विचारलं, "माझ्या नावातला ळ खाल्ला कुणी?"

कारकुनाने तर नक्कीच नाही. तो बिचारा यंत्राने दिलेलं वाचत होता.

आपली आडनावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. तांबोळी, मुलाणी, मणेर, आतार, शिकलगार, मुजावर, बागवान. 'तुमची भाषा तर उर्दू ना?' हा प्रश्न शाळेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलाय. आडनावात मात्र ळ आणि ण ठाण मांडून बसलेत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ही दोन्ही अक्षरं हरवतात आणि पुन्हा देवनागरीत आणताना यंत्र अंदाज बांधतं. त्याला शिकवलेल्या शब्दांत हिंदी जास्त असेल, तर मुलाणीचं मुलानी होतं आणि मणेरचं मानेर. 'अझीझ' हे नाव घ्या. मराठीत आपण झ लिहितो, हिंदीत ज खाली नुक्ता देतात. यंत्राला भाषा कोणती ते सांगितलं नाही, किंवा सांगूनही त्याने ते मनावर घेतलं नाही, तर मराठी कागदावर हिंदी नाव छापून येतं. यामागे कुणाचा डाव आहे असं मला वाटत नाही. ते सॉफ्टवेअर तपासायला बसलेल्यांत तांबोळी कुणी नव्हता, इतकंच.

माझं म्हणणं त्या 'तपासायला' या शब्दाशी आहे. ओपन सोर्समध्ये योगदान द्यायचं म्हटलं की आपली मुलं-मुली थेट मोठा कोड लिहायच्या मागे लागतात, नाहीतर घाबरून लांब राहतात. त्यांनी आधी टेस्ट लिहावी, आणि तीही अशी, जी दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही.

टेस्ट म्हणजे काय, ते एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. 'हार्फबझ' नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ते आतल्या बाजूला बसलेलं असतं. अक्षरांचे संकेत घ्यायचे आणि कोणती आकृती कुठे बसवायची ते ठरवायचं, हे त्याचं काम. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ते मुळात इराणमधल्या बेहदाद इस्फहबूद यांच्या हातून घडलं. दादीच्या तोंडचा 'हर्फ' आपल्या मोबाइलच्या पोटात आहे, याची मला अजून गंमत वाटते. तुमच्या अँड्रॉइड फोनवर उर्दू मेसेज जोडून दिसतो आणि मराठी जोडाक्षर नीट बसतं, ही दोन्ही कामं तेच करतं.

या हार्फबझच्या टेस्ट अगदी साध्या असतात. एका ओळीत चार गोष्टी, मध्ये अर्धविराम. कोणता फॉन्ट, कोणते पर्याय, अक्षरांचे संकेत कोणते, आणि शेवटी कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने यायला हव्यात. कोणीही कोडमध्ये काही बदललं की अशा ओळी एकामागून एक चालवून बघतात. एक जरी चुकली तरी लाल खूण येते.

आता आपल्या भागातला शब्द घेऊ. वेल्हे तालुका, सरकारी कागदावर आता राजगड तालुका, म्हणजे तोरणा, राजगड आणि मधल्या दऱ्या. हा 'दऱ्या' शब्द आणि समुद्राचा 'दर्या', दोघांत फरक एका संकेताचा आहे. दर्यामध्ये नेहमीचा र, तो रफार होऊन डोक्यावर जातो. दऱ्यामध्ये ०९३१ या क्रमांकाचा ऱ, तो अर्धा होऊन य च्या आधी पापणीसारखा बसतो. हिंदीला या आकृतीची गरज पडत नाही. म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ती विसरली जाऊ शकते आणि तोरण्याच्या पायथ्याला समुद्र येतो. आचाऱ्याला दिलेला निरोप आचार्यांना पोचतो तो असाच.

याच्याही पुढची गुंतागुंत आहे. हाच पापणीचा र दुसऱ्या पद्धतीनेही लिहिता येतो. साधा र, मग हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. आत मात्र संकेत वेगळे. एकाने 'शेतकऱ्यांची यादी' एका पद्धतीने टाइप केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधली, तर साध्या शोधाला काही सापडत नाही. माणूस म्हणतो, यादीत नाव नाही. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यालाच ही चूक दिसणार. कॅलिफोर्नियातला कितीही हुशार प्रोग्रॅमर असो, त्याला ती कळायला आधी कुणीतरी सांगायला हवं. सांगायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे न उत्तीर्ण होणारी टेस्ट. हे घ्या माझं इनपुट, हे यायला हवं, हे येतंय. यावर वाद घालायला जागा कमी राहते.

हे काम आपल्यापासून लांबचंही नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षं देवनागरी दिसली ती 'लोहित' फॉन्टमध्ये. तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, रेड हॅटने मोकळा करून दिलेला. २०११ मध्ये त्याचा परवाना आणखी सैल झाला. रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातले लोक त्याची देखभाल करत होते. भोरहून स्वारगेटची एसटी पकडून पोचता येईल इतक्या अंतरावर ही दुरुस्ती चालली होती, आणि मी त्या काळात 'सी'चे प्रोग्रॅम वहीत उतरवून पाठ करत होतो!

अर्ज परत आल्यावर मी आणि माझी मामेबहीण असे दोघं बसलो. ती डिप्लोमाला आहे. ज्या यंत्राने ळ खाल्ला ते काही उघडं नव्हतं, त्यामुळे तिथे दाद लागणार नव्हती. म्हणून रोमन नावांचं देवनागरी करणारा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प शोधला. आधी त्यांच्याच टेस्ट आमच्या लॅपटॉपवर चालवल्या. ही पायरी कुणी गाळू नये. त्याच चालत नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग टेस्टमधली नावं वाचली. शर्मा, वर्मा, पाटील, देशमुख होते. खान होता, एकटाच. आम्ही वेगळी शाखा काढून सात आडनावं घातली, भाषा मराठी असं स्पष्ट लिहून. सातपैकी पाच नापास. मामेबहीण खूश झाली. तिला पहिल्यांदाच नापास होण्यात फायदा दिसला.

दुरुस्ती तिने केली, बारा ओळींची. त्यावर प्रश्न आले. इंग्रजी स्पेलिंगवरून ळ आहे की ल हे कसं ठरवणार? योग्य प्रश्न होता. नुसत्या नियमाने ते ठरत नाहीच, आडनावांची यादी लागते. मग यादी कुठे ठेवायची, हिंदी निवडणाऱ्याला तिचा त्रास होईल का, वेग कमी होईल का. हिंदीसाठी जुनं उत्तर तसंच राहतं हे दाखवणाऱ्या वेगळ्या टेस्ट मागितल्या गेल्या. सहा आठवडे हे चाललं. मला दोनदा राग आला. तिला आला नाही, ती दर वेळी बदल करून पाठवत राहिली.

एवढे प्रश्न का विचारतात, याचं कारण समजून घ्यायला हवं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट'च्या टी-शर्टसाठी जगभरातल्या प्रकल्पांवर फालतू बदलांचा पाऊस पडला. कुणी माहितीच्या फाइलमध्ये एक विशेषण घातलं, कुणी स्वतःचं नाव. त्यात आपल्या देशातली मुलं कमी नव्हती. आयोजकांना महिन्याच्या तिसऱ्याच दिवशी नियम बदलावा लागला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. दोन वर्षांहून जास्त काळ सभ्यपणे बदल पाठवून विश्वास कमावलेल्या एका खात्याने तो घातला होता, आणि लपवला होता टेस्टच्या फाइलींमध्ये! अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं आणि त्यावरून ते उघडकीला आलं. तेव्हा अनोळखी माणसाची टेस्ट बारकाईने वाचली गेली, तर तो अपमान समजू नये.

मग येतो तो प्रश्न, जो मला प्रत्येक कार्यशाळेत चहाच्या वेळी हळू आवाजात विचारला जातो. खरं नाव ठेवायचं की टोपणनाव? भाड्याची खोली शोधताना आडनावाची किंमत ज्यांनी मोजली आहे, त्यांना हा प्रश्न का पडतो ते समजावून सांगायला नको. 'इथे फक्त कोड बघतात' असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. २०१७ मध्ये गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकूणात स्त्रियांचे बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. पण प्रकल्पाबाहेरच्या नवख्या स्त्रीची ओळख प्रोफाइलवरून कळत असेल, तर पुरुष पुढे होते. म्हणजे बघणारे नावही बघतात. मी स्वतः पहिली तीन वर्षं दोन अक्षरी टोपणनावाने काम केलं आणि त्याची मला लाज नाही. आता पूर्ण नाव लिहितो. ज्या टेस्टमध्ये तांबोळी आहे, तिच्यावर सही तांबोळीची असावी असं मला वाटतं. हा माझा हिशेब झाला, तुमचा तुम्ही करा. मुलींना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कमिटबरोबर ईमेल पत्ताही सगळ्यांना दिसतो. गिटहबमध्ये तो झाकणारा पर्याय आहे, पहिल्या दिवशीच चालू करा.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'घरबसल्या करता येतं' हे या कामाचं कौतुक मला टोचतं. घरात ठेवायला आणखी एक निमित्त म्हणून आपल्याकडे ते वापरलं जाईल. मामेबहिणीला नोकरीसाठी हिंजवडीला जायचंय आणि ती जावी. तसंच, डोक्यावर कर्ज असलेल्या मुलाने रात्री जागून कंपन्यांना फुकट कोड द्यावा, हेही मी सांगणार नाही. आठवड्याला दोन तास पुष्कळ झाले. 'गूगल समर ऑफ कोड' आणि 'आउटरीची' मध्ये मानधन मिळतं, जमेल त्याने तिथे अर्ज करावा.

लॅपटॉप जुना आहे, गावात रेंज नाही, या अडचणी खऱ्या आहेत, पण या कामाला त्या फार आडव्या येत नाहीत. गिटला नेटची गरज फक्त आणताना आणि पाठवताना. वेल्ह्याच्या खोऱ्यात बसून दहा कमिट करावेत आणि भोरच्या स्टँडवर उतरल्यावर पाठवून द्यावेत. सगळ्या टेस्ट चालवायचं जड काम सार्वजनिक प्रकल्पांसाठी गिटहबच्या यंत्रांवर फुकट होतं.

आमचा बदल स्वीकारला गेला. चाचांच्या त्या अर्जाला त्याचा काही उपयोग नाही, त्यांचं प्रतिज्ञापत्र अजून कपाटात आहे. सध्या आम्ही पुढची आडनावं गोळा करतोय. शिकलगारची इंग्रजी स्पेलिंगं आतापर्यंत तीन मिळाली. अडलंय ते 'आतार' वर. मामेबहिणीच्या मैत्रिणीच्या घरात वडील 'आतार' लिहितात, काका 'अत्तार', आणि दोघांच्या दाखल्यांवर तसंच आहे. टेस्टला उत्तर एकच हवं असतं. मामेबहिणीने तिथे दोन्ही उत्तरं बरोबर धरणारी टेस्ट लिहिली आहे आणि त्यावर परवापासून पुन्हा प्रश्न सुरू झालेत.