मृत पक्ष्यांची साक्ष

सरकारी खर्चात काटकसर करावयाची ठरली की पहिली कुऱ्हाड मुक्या खात्यांवर पडते. कापूस भरलेले पक्षी आणि टाचणीला टोचलेले कीटक सांभाळणारे संग्रहालय हे असेच एक मुके खाते. त्याचा मोर्चा निघत नाही. या मृत नमुन्यांचा समाजाला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र खानदेशातील एका घुबडाने देऊन ठेवले आहे.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूमने १८७३ साली केले. १८८४ नंतर त्याचा अस्सल नमुना कोणाच्याही हाती लागला नाही. जगभरच्या संग्रहालयांत अवघे सात उरले. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण एक पिंगळा मिळविल्याचा दावा मात्र कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी केला होता. कर्नलसाहेबांच्या शब्दावर शंका कोण घेणार? पुढच्या शोधांची दिशा त्या नोंदीने चुकविली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली धरला, कातडे कसे भरले व शिवले आहे हे पाहिले, तेव्हा चोरी उघडी पडली. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात जमविलेला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून लांबवून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. (अशा चिठ्ठ्यांवर साहेबाचे नाव येई; त्याला रान दाखविणाऱ्याचे क्वचितच.) मग जुन्या अस्सल नोंदींतील ठिकाणे धुंडाळण्यात आली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला.

ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासून १९६७ साली दाखवून दिले की, १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांचे कवच पातळ होत गेले. डीडीटीचा प्रसार झाला तो हाच काळ. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली, तीमागे अशा पुराव्याचाही भाग होता. अंडी जमविणाऱ्या हौशी मंडळींना मात्र डीडीटी हे नावही ठाऊक नव्हते!

ज्या ठेवीचे व्याज कोणत्या पिढीला आणि कोणत्या रूपाने मिळेल हे सांगता येत नाही, ती बाजार सांभाळत नाही. ती सार्वजनिक तिजोरीनेच सांभाळावयाची असते. ब्राझीलमध्ये देखभालीचे अनुदान वर्षानुवर्षे पुरते मिळाले नाही. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओचे दोनशे वर्षांचे राष्ट्रीय संग्रहालय पेटले, तेव्हा जवळच्या बंबजोडण्यांना पुरेसे पाणीही नव्हते. आपल्याला नाके मुरडण्याचा अधिकार नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय १९७८ पासून भाड्याच्या जागेत होते, आणि २६ एप्रिल २०१६ रोजी ते तेथेच जळाले.

अंदाजपत्रकाच्या चर्चेत आपल्या प्रतिनिधींनी प्रत्येक सरकारी संग्रहालयाबाबत विचारावे: आग विझविण्याची व्यवस्था, कायम नेमणुकीचे संग्रहपाल आणि नमुन्यांच्या नोंदवह्या यांसाठी यंदा किती रक्कम ठेवली आहे? उत्तर लेखी मागावे.