दुसऱ्याचें नांव कीं आपलें स्वतःचें ?

शिकल्यासवरल्या मुलानें नोकरीस नकार देऊन "मी धंदा करणार" असें म्हटलें, म्हणजे आपल्या घरांत अजूनहि क्षणभर शांतता पसरते. पिढ्यानुपिढ्या ज्यांनीं पगाराच्या तारखेवर संसार केला, त्यांना नफानुकसानीची भाषा परकी वाटावी यांत नवल नाहीं. अशा वेळीं वडील मंडळी बहुधा मधला मार्ग सुचवितात : "धंदाच करावयाचा, तर एखाद्या नामांकित कंपनीची फ्रँचाइजी घे, निदान नांव तरी चालतें आहे." हा सल्ला मायेचा असतो यांत शंका नाहीं, तो शहाणपणाचाहि आहे कीं काय, एवढेंच पाहावयाचें.

फ्रँचाइजी म्हणजे काय, हें आपल्या जुन्या व्यवहाराच्या भाषेंत सांगतां येतें. जमीन एकाची, कसणारा दुसरा, आणि राशीवर मालकाचा वाटा. येथें जमिनीच्या ठिकाणीं नांव असतें. भांडवल, नोकर आणि श्रम आपले. नांव, कृति व नियम कंपनीचे. आरंभीं एकरकमी शुल्क द्यावें लागतें, आणि पुढें बहुधा विक्रीवर टक्केवारी. सबवे या अमेरिकन कंपनीची तिच्या देशांतील प्रसिद्ध आकारणी विक्रीच्या ८ टक्के, आणि जाहिरातीसाठीं आणखी ४.५ टक्के अशी आहे.

याच दरानें एक कल्पित हिशेब मांडून पाहूं. मासिक विक्री ४ लक्ष रुपये आहे. माल १ लक्ष ६० हजारांचा लागतो. भाडें, पगार व वीज मिळून तितकाच खर्च होतो. बाकी ८० हजार उरतात. कंपनीचे ५० हजार वजा जातां आपल्या हातीं ३० हजार येतात. भांडवलावरचें व्याज आणि घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल यांतूनच भागवावयाचें. आतां विक्री ३ लक्ष ५० हजारांवर आली असें धरा. माल १ लक्ष ४० हजारांचा लागेल, परंतु भाडें व पगार कांहीं कमी होणार नाहींत. उरलेल्या ५० हजारांतून कंपनीस ४३,७५० रुपये द्यावयाचे, आणि आपणांस राहतात ६,२५०. विक्री अष्टमांशानें घटली, कंपनीचें उत्पन्नहि अष्टमांशानेंच घटलें. आपलें मात्र जवळजवळ पांचव्या हिश्श्यावर आलें. टक्केवारी नफ्यावर नसून विक्रीवर असते, हा या व्यवहाराचा गाभा आहे. आणि सही करतांना नेमका तोच विसरला जातो.

यावरून नांवाला किंमत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. स्वतंत्र दुकानास टक्केवारी द्यावी लागत नाहीं हें खरें. पण त्याची विक्री ४ लक्षांपर्यंत पोंचेल याची हमी कोण देणार? मॅक्डोनाल्ड बंधूंची हकीकत या बाबतींत बोलकी आहे. रिचर्ड व मॉरिस या भावांनीं कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो येथें झटपट उपाहारगृहाची पद्धत बसविली. रे क्रॉक यानें १९५५ सालीं त्यांच्या नांवावर आपलें पहिलें दुकान उघडलें, आणि १९६१ सालीं २७ लक्ष डॉलर देऊन त्यांचे हक्क विकत घेतले. मूळचें दुकान भावांकडे राहिलें. परंतु त्यावर स्वतःचें आडनांव लावण्याचा अधिकार त्यांना उरला नाहीं. त्यांनीं त्याचें नांव 'बिग एम' असें ठेविलें. क्रॉकनें जवळच मॅक्डोनाल्डचें दुकान थाटलें, आणि कांहीं वर्षांत भावांचें दुकान बंद पडलें. जागा तीच, पद्धतहि तीच. गेलें होतें तें नांव.

दुसऱ्या बाजूस लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण आहे. १८८८ सालीं बेळगांवीं त्यांचें सायकलींचें दुकान निघालें. म्हणजे आरंभ दुसऱ्याच्या मालाच्या विक्रीनेंच झाला. पुढें ते लोखंडी नांगर स्वतः करूं लागले. लोखंडानें जमीन बिघडते या समजुतीमुळें ते खपण्यास वेळ लागला. तरी १९१० सालीं औंध संस्थानानें दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याचा माल विकतां विकतां गिऱ्हाईक, उधारी व हिशेब शिकावे, आणि मग आपलें कांहीं उभारावें, हा क्रम आजहि हिताचा आहे. फ्रँचाइजी ही अशी उमेदवारी ठरूं शकते. मात्र कराराच्या मुदतींत तसलाच दुसरा धंदा न करण्याची अट सामान्यतः वैध मानली जाते. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं तसा निर्णय दिला आहे. मुदतीनंतरच्या बंदीस १८७२ च्या करार कायद्याचें २७ वें कलम आड येतें. तेव्हां मुदत किती वर्षांची, हा प्रश्न शुल्काइतकाच महत्त्वाचा समजावा.

एकत्र कुटुंबांत याहून मोठा प्रश्न असतो : पैसा कोणाचा ? अविभक्त कुटुंबाच्या कर्त्यानें काढलेल्या नव्या धंद्याची जोखीम अज्ञान सहभागीदारांवर लादतां येत नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९३२ सालीं ठरविलें. त्यामागील विवेक घरानेंहि पाळावा. कंपनी कितीहि जुनी असो, धंदा आपल्या घराला नवाच असतो. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधि, आईचे दागिने आणि राहतें घर हीं तिन्ही एकाच करारापायीं गुंतविणें म्हणजे जे सही करीत नाहींत त्यांचें भवितव्यहि लिहून देणें होय.

म्हणून आमची सूचना अशी. घरांत एखादी विद्या वा हातोटी खरोखर असेल, तर लहान प्रमाणावर स्वतःच्या नांवानें आरंभ करावा. पहिलें वर्ष कठीण जाईल, पण मिळविलेला लौकिक घरांतच राहील. तशी हातोटी नसेल व केवळ भांडवल असेल, तर फ्रँचाइजी घ्यावी. परंतु त्याच कंपनीचीं निदान तीन दुकानें चालविणाऱ्यांस प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मंदीच्या महिन्यांचा हिशेब पाहून मगच. आणि दोन्ही पक्षीं, बुडाली तरी घराची चूल विझणार नाहीं एवढीच रक्कम घालावी. ती किती, हें घरांतील सर्वांनीं, सुनांसकट, एकत्र बसून ठरवावें. कारण तोटा आल्यास तो सर्वांनाच सोसावा लागतो.