तुमचं काय ठरलं?

ऑगस्ट उजाडला की आपल्या ह्यूस्टनच्या मराठी घरांत दोन विषयांवर चर्चा सुरू होते. एक म्हणजे यंदा मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक कोण करणार. आणि दुसरा म्हणजे टीव्हीवर आखातात जे पांढरं भिंगरीसारखं चक्र दिसतंय, ते आपल्याकडे येणार की लुइझियानाकडे वळणार. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा ऐन भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. थोडक्यात, बाप्पाचे दिवस आणि वादळाचे दिवस बहुधा एकच. २०१७ साली तर २५ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि त्याच रात्री हार्वे टेक्ससच्या किनाऱ्यावर आदळलं.

चक्र जवळ येऊ लागलं की फोन सुरू होतात.

"तुमचं काय ठरलं?"

"अजून काही नाही हो. तुमचं?"

"केटीवाले सगळे थांबतायत म्हणे."

"असं? मग आम्हीही थांबतो."

असे वीस-पंचवीस फोन होतात, मग पुण्याहून सासूबाईंचा फोन येतो, कारण तिथल्या टीव्हीवर 'अमेरिकेत हाहाकार' सुरू झालेला असतो. या सगळ्या गडबडीत स्वतःच्या घराचा पत्ता नकाशावर उघडून बघितलेला माणूस मला फार क्वचित भेटतो. मंडळी, हा लेख थोडा तिखट लागेल, पण माझं म्हणणं एकच आहे. थांबायचं की निघायचं हे मित्रांना विचारून ठरवायचं नसतं. ते घराच्या पत्त्यावरून आणि त्या घरात कोण राहतं यावरून ठरतं. आणि ते ठरवायचा महिना मे आहे, सप्टेंबर नव्हे.

आता आपल्याकडच्या ठरावीक युक्तिवादांकडे वळतो.

पहिला युक्तिवाद शूरांचा. "अहो, आम्ही मुंबईचा सव्वीस जुलै पाहिलाय, हे काय घेऊन बसलात!" पाहिला असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी माणसं गाडीच्या काचा वर करून बसली आणि गाडीतच गेली. त्या दिवसातून काही शिकायचं असेल तर ते हे की पाणी चढत असताना बाहेर पडू नये, आणि चढणार हे आधी कळलं असेल तर तिथे राहू नये. 'आपल्याला काही होत नाही' हा धडा त्यातून कुणी आणि कसा काढला हे मला आजवर उमगलेलं नाही. आपण वाचलो याचा अर्थ आपला निर्णय बरोबर होता असा होत नाही. कधीकधी नुसतं नशीब बरं असतं.

दुसरा युक्तिवाद अनुभवी लोकांचा. "रीटाला काय झालं ते आठवतंय ना? आता आम्ही कध्धी जाणार नाही." मला चांगलं आठवतंय. मी तेव्हा एमएस संपवून नुकता नोकरीला लागलो होतो. कट्रिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता, लोक धास्तावलेले होते, आणि अंदाजे २५ ते ३० लाख माणसं एकाच वेळी ह्यूस्टन परिसरातून बाहेर पडली. फ्रीवेवर मैलोनमैल गाड्या उभ्या, पेट्रोल संपलेलं, उन्हाचा तडाखा. त्या पळापळीत शंभराहून अधिक माणसं दगावली. डॅलसजवळ एका बसला आग लागून २३ वृद्ध गेले. शेवटी २४ सप्टेंबरला रीटा टेक्सस-लुइझियानाच्या सीमेवर गेलं आणि ह्यूस्टन बऱ्यापैकी वाचलं.

यातून 'कधीच जायचं नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो चूक आहे. त्या रस्त्यावर अडकलेल्यांत ज्यांना निघायची गरजच नव्हती अशी माणसं मोठ्या संख्येने होती. उंचावरच्या, किनाऱ्यापासून दूरच्या घरांतली माणसं घाबरून निघाली आणि गॅल्व्हेस्टनहून जीव वाचवायला निघालेल्यांची वाट त्यांनी अडवली. म्हणजे उगाच थांबणं जितकं घातक, तितकंच उगाच निघणंही. पहिल्यात आपण स्वतःला धोक्यात घालतो, दुसऱ्यात दुसऱ्याला.

म्हणूनच रीटानंतर किनारपट्टीचे झिप कोडप्रमाणे भाग पाडले गेले: कोस्टल, ए, बी आणि सी. २००८ साली आइक आलं तेव्हा किनाऱ्यालगतच्या भागांना 'निघा' आणि बाकीच्यांना 'घरातच थांबा' असं सांगितलं गेलं. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावरच्या एक-दोन मजली घरांत जे थांबतील त्यांचा मृत्यू अटळ आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत हवामान खात्याने इशारा दिला होता. तरी काही लोक थांबले. १३ सप्टेंबरला समुद्र आत आला आणि बोलिव्हार द्वीपकल्पावरच्या घरांच्या रांगाच्या रांगा नाहीशा झाल्या. इथले जुने लोक सांगतात तो नियम साधा आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तुमच्या घराला धोका पाण्याचा की वाऱ्याचा, हे तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या फोनवरच्या मित्राला तर ते नक्कीच माहीत नाही.

तिसरा युक्तिवाद आज्ञाधारकांचा. "सरकार सांगेल तेव्हा निघू." सरकार सांगेल तेव्हा निघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण सरकार शहराला सांगतं, तुमच्या घराला नाही. हार्वेच्या वेळी ह्यूस्टन शहर रिकामं करायचा आदेश निघाला नाही. त्यावर पुष्कळ टीका झाली. माझ्या मते एवढ्या मोठ्या शहराला पुरात रस्त्यावर काढलं असतं तर रीटापेक्षा भयंकर घडलं असतं. पण शहरासाठी बरोबर असलेला निर्णय प्रत्येक घरासाठी बरोबर असतोच असं नाही. काही भागांत चार-पाच दिवसांत ४० इंचांहून अधिक पाऊस पडला, म्हणजे हजार मिलिमीटरच्या वर.

आणि आपल्या लोकांना सगळ्यात जवळचं उदाहरण बार्कर आणि अ‍ॅडिक्सचं. ही दोन धरणं १९४० च्या दशकात डाउनटाउन वाचवण्यासाठी बांधली. एरवी ती कोरडी असतात. ज्या जॉर्ज बुश पार्कमध्ये आपण फिरायला जातो, ते पार्क बार्करच्या पोटातच आहे. पाणी साठलं की ते पार्क ओलांडून मागे सरकतं, आणि त्या मागच्या जमिनीवर बिल्डरांनी सुंदर सबडिव्हिजन उभ्या केल्या. चांगल्या शाळा, तळ्याकाठची घरं, आपली मराठी कुटुंबं हौसेने तिथे गेली. काही ठिकाणी ही जमीन पाण्याखाली जाऊ शकते हे नकाशावर बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. घर घेताना आपण ग्रॅनाइटचा रंग बघतो, ईशान्येला देवघर बसतं का बघतो, पण ती ओळ कोण वाचतो? २०१७ साली पाणी मागच्या अंगणातून आलं. २८ ऑगस्टला दरवाजे उघडून पाणी सोडलं, तेव्हा खाली बफेलो बायूच्या काठची घरंही बुडाली. वरच्या बाजूच्या नुकसानीला केंद्र सरकार जबाबदार आहे असा निकाल २०१९ साली कोर्टाने दिला. पण निकालाने भिजलेले अल्बम परत येत नाहीत.

शुगरलँड-मिसूरी सिटीकडच्या मंडळींची गोष्ट निराळी. तिथे लेव्ही आहेत, म्हणजे मातीचे बंधारे. ब्राझोस नदीचं पाणी रिचमंडला ५५ फुटांच्या वर गेलं, आणि काही लेव्हींच्या आतल्या वस्त्यांना निघायला सांगितलं गेलं. तेव्हा आपण कुठल्या लेव्ही डिस्ट्रिक्टमध्ये राहतो हे शोधण्यात कित्येकांची रात्र गेली, जरी त्याचा कर ते दरवर्षी भरत होते!

चौथा युक्तिवाद नाजूक आहे, पण बोलायला हवं. "घरात गणपती बसलाय, त्याला सोडून कसं जायचं?" अहो, दीड दिवसाचा गणपती आपल्याच परंपरेतला आहे. अक्षता वाहून उत्तरपूजा करा, मूर्ती गाडीत घ्या आणि निघा. जो विघ्नहर्ता, त्याच्या नावावर विघ्न ओढवून घेऊ नका.

आता घरात कोण राहतं, या प्रश्नाकडे. आपल्याकडे हा निर्णय बहुतेक वेळा नवरा फोनवर घेतो. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून गप्प बसतात, कारण त्यांना इथे ओझं व्हायचं नसतं. पण निर्णयाची झळ त्यांनाच सर्वांत जास्त लागते. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला बंद पडलेल्या फ्रीवेवर पंधरा तास बसवणं म्हणजे काय, याचा विचार करा. आणि वीज गेलेल्या घरात, ९५ डिग्रीच्या उन्हाळ्यात चार दिवस ठेवणं म्हणजे काय, याचाही करा. ८ जुलै २०२४ ला बेरिल आलं ते फक्त पहिल्या श्रेणीचं. तरी २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि वादळानंतरच्या उकाड्याने माणसं गेली. म्हणजे निघायचा प्रश्न वादळाआधीच येतो असं नाही. कधी तो वादळ गेल्यावर, रस्ते मोकळे झाल्यावर येतो. ज्या घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल आहे, त्यांनी निघायचं तर दोन दिवस आधी निघावं. शेवटच्या रात्री निघू नये. आणि जनरेटर गराजमध्ये कधीही लावू नये. त्याच्या विषारी वायूने दर वादळात माणसं मरतात.

मी पोटापाण्यासाठी कंपन्यांना 'डिझास्टर रिकव्हरी'चे प्लॅन लिहून देतो. सर्व्हर पडला तर कुणी कुणाला फोन करायचा, कुठलं काम आधी उठवायचं, किती तासांनी दुसऱ्या शहरातून कारभार सुरू करायचा, सगळं कागदावर असतं आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम होते. हे आधी लिहायचं कारण एकच: रात्री दोन वाजता घाबरलेला माणूस चांगला निर्णय घेत नाही, तो फक्त आधी घेतलेला निर्णय पार पाडू शकतो. हार्वे अवघ्या अडीच दिवसांत साध्या डिप्रेशनपासून चौथ्या श्रेणीचं हरिकेन झालं. एवढ्या वेळात घरच्या घरी चर्चासत्र भरवता येत नाही. आपल्यातले निम्मे लोक आयटीत आहेत. बँकेच्या डेटासाठी आपण तीन शहरांत सोय करतो आणि स्वतःच्या आईसाठी एका शहरातही करत नाही, याला काय म्हणायचं?

तेव्हा मे महिन्यात एक कागद घ्या. त्यावर आपलं झिप-झोन, फ्लड मॅपवरची जागा, जवळचं धरण किंवा लेव्ही लिहा. काय घडलं की निघायचं, आणि कुठे जायचं, तेही लिहा. ऑस्टिन, सॅन अँटोनियो, डॅलस, जिथे कुणी आपलं असेल त्यांना आत्ताच विचारून ठेवा. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, महिनाभराची औषधं एका पिशवीत ठेवा. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, आणि तो साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. गाडी नसलेल्या किंवा आजारी माणसाचं नाव २११ वर फोन करून सरकारी यादीत आधीच नोंदवता येतं.

आणि शेवटी आपल्या मंडळाबद्दल. "मंडळ सांस्कृतिक आहे, हे आपलं काम नाही," असं काही ज्येष्ठ सभासद म्हणतील. मला ते पटत नाही. चारशे पानांची पंगत आपण चोख वाढतो. कुणाकडे किती लिटर श्रीखंड करायचं याची यादी आपल्याकडे असते. मग गाडी नसलेले विद्यार्थी किती, एकटे राहणारे आजी-आजोबा कुठे, कुणाच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, ही यादी का असू नये? हार्वेत ह्यूस्टन विद्यापीठाचे सुमारे दोनशे भारतीय विद्यार्थी पाण्यात अडकले होते. त्यातली काही मुलं कुठल्यातरी मराठी आईचीही असणार.

माझी सूचना अशी: गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात नाट्यगीतांच्या आधी पंधरा मिनिटं द्या. प्रत्येक भागाला एक स्वयंसेवक, एक फोन-साखळी, आणि डॅलस-ऑस्टिनच्या मंडळांशी पाहुणचाराची बोलणी, एवढंच. पुढच्या समितीने हे काम घेतलं तर केटी भागाची यादी करायला मी तयार आहे. मग सप्टेंबरात फोन वाजला आणि कुणी "तुमचं काय ठरलं?" विचारलं, तर तुम्हाला सांगता येईल, "आमचं मे महिन्यातच ठरलंय. तुम्हाला गाडी पाठवू का?"