उद्याच्या जगावरची धूळ

विज्ञानपट म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत अवकाशयाने, लुकलुकणारे दिवे आणि चंदेरी पोशाख उभे राहतात. घरातील मोठी माणसे 'हा मुलांचा विषय' म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात आणि मुले पडद्यावरच्या धुमश्चक्रीत रमून जातात. परंतु या चित्रपटांचे जे खरे चाहते आहेत, त्यांची नजर भलतीकडेच असते. यानाच्या पत्र्यावर तेलाचा ओघळ आला आहे का? दारावरची खूण कोणासाठी लावली आहे? रस्त्याकडेच्या टपरीत काय शिजते आहे? नायक आणि खलनायक झुंजत असताना ही मंडळी मागच्या भिंतीकडे पाहत असतात.

हा वेडेपणा वाटेल. पण त्यात एक मर्म आहे. उद्याचे जग कोणी पाहिलेले नाही. ते खरे वाटावे म्हणून कोणाला तरी आधी बसून विचार करावा लागतो. तेथे माणसे राहतील कशी? मोडलेली वस्तू दुरुस्त कोण करील? पाण्याचा नळ कोठून येईल आणि कचरा कोठे जाईल? हा विचार करणारी माणसे पडद्यावर कधी दिसत नाहीत. प्रेक्षक खुर्च्यांवरून उठत असताना त्यांची नावे शेवटच्या नामावलीत झरकन वर सरकून जातात. ती नावे लक्षात ठेवली चाहत्यांनी. एका चित्रपटाच्या बाबतीत तर चाहत्यांच्या या चिकित्सक नजरेनेच जवळजवळ बुडालेला चित्रपट पुन्हा वर आला.

शुभ्र भविष्य

१९६८ साली स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट आला. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा अजून एक वर्ष बाकी होते. कथा कुब्रिक यांनी प्रख्यात विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या सोबतीने रचली होती. याने कशी असावीत हे ठरविण्यासाठी त्यांनी हॅरी लँग या चित्रकाराला बोलाविले. लँग पूर्वी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेत भावी यानांची चित्रे काढीत असत. त्यामुळे चित्रपटातले एकेक बटण आणि एकेक झडप कशासाठी आहे याचे उत्तर तयार होते.

दूरच्या प्रवासात अंतराळवीरांना वजन जाणवावे म्हणून यानाचा एक भाग सतत गोल फिरत राहतो, अशी कल्पना होती. ते दाखविण्यासाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या विमाने बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीकडून ३८ फूट व्यासाचे एक अजस्र चाक बांधून घेतले गेले. त्यासाठी साडेसात लाख डॉलर खर्च आला. चाक फिरत असे, नट तळाशीच चालत राही, आणि पडद्यावर मात्र तो भिंतीवरून छताकडे चालत गेल्यासारखा दिसे. आजच्या संगणकाची तेथे कसलीही मदत नव्हती.

हे भविष्य पांढरेशुभ्र होते. एखाद्या नव्या रुग्णालयासारखे स्वच्छ, नीटनेटके आणि थोडे गारठलेले. पाहणारा थक्क होई. पण त्या जगात कोणी चहा सांडला असेल, कोणाचे बटण तुटले असेल, असे मात्र वाटत नसे.

वापरलेली याने

जॉर्ज लुकास यांना नेमके याच्या उलट हवे होते. 'स्टार वॉर्स' या आपल्या चित्रपटातील जग वापरलेले, झिजलेले, पोचे आलेले दिसावे, असा त्यांचा आग्रह होता. पण कागदावर लिहिलेली ती अजब कथा वाचून पैसे देणाऱ्यांना काही उमगत नव्हते. तेव्हा १९७५ साली लुकास यांनी राल्फ मॅक्वरी यांना गाठले. मॅक्वरी यांनी बोइंग या विमान कंपनीत तांत्रिक चित्रे काढली होती आणि अपोलो मोहिमांची दृश्ये दूरचित्रवाणीसाठी रंगविली होती. त्यांनी वाळवंटातले दोन यंत्रमानव, तलवारींचे द्वंद्व असे काही प्रसंग रंगवून दिले. चित्रे पाहिल्यावर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अधिकाऱ्यांना चित्रपट डोळ्यांपुढे दिसू लागला आणि पैशाची गाठ सुटण्यास त्यांची मोठी मदत झाली.

मॅक्वरी यांच्या विचाराची पद्धत एका उदाहरणावरून कळते. पटकथेत काळ्या वेषातला खलनायक एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो. मॅक्वरी यांना साधा प्रश्न पडला: मधल्या पोकळीत हा माणूस श्वास कसा घेणार? म्हणून त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर श्वासाचा मुखवटा चढविला. पुढे तो मुखवटा आणि त्यातून येणारा घरघरता श्वास हीच डार्थ व्हेडरची जगभरची ओळख झाली. भीती वाटावी म्हणून नव्हे, तर हवा मिळावी म्हणून काढलेली ती रेघ होती.

ते चित्र कापडात उतरविले जॉन मोलो या वेषभूषाकाराने. मोलो लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे जाणकार होते. लंडनच्या पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातील मोटारसायकलस्वाराचा चामडी पोशाख, जर्मन सैनिकाचे शिरस्त्राण, विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा आणि धर्मगुरूचा झगा एकत्र करून त्यांनी पहिला आराखडा उभा केला. तिकडे नेपथ्यकारांनी भंगारातल्या विमानांचे सुटे भाग आणून भिंती सजविल्या. प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या वृत्तछायाचित्रकारांच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होता! १९७७ साली चित्रपट झळकला आणि मोलो यांना ऑस्कर मिळाले.

दोन वर्षांनी रिडले स्कॉट यांचा 'एलियन' आला. त्यातील मालवाहू यानासाठी रॉन कॉब यांनी छोट्या छोट्या खुणांची एक मालिकाच काढली. या दाराआड हवा आहे, येथे थंडी आहे, येथे किरणोत्सर्गाचा धोका आहे, असे सांगणाऱ्या त्या खुणा होत्या. प्रेक्षकाला त्या धड वाचताही येत नाहीत. पण त्या आहेत म्हणून तेथे रोज कामाला जाणारी माणसे आहेत, असे मनाला पटते.

ठिगळांचे शहर

१९८२ साली स्कॉट यांचा पुढचा विज्ञानपट आला, 'ब्लेड रनर'. फिलिप के. डिक यांच्या १९६८ मधील कादंबरीवर तो आधारलेला होता. काळ नोव्हेंबर २०१९, स्थळ लॉस एंजेलिस. माणसासारखेच दिसणारे, माणसासारखेच मरणाला भिणारे कृत्रिम मानव शहरात लपले आहेत आणि एक पोलीस त्यांना शोधून मारतो आहे, अशी ही कथा.

यातील मोटारी आखण्यासाठी सिड मीड यांना बोलावले होते. मीड पूर्वी फोर्ड कंपनीत मोटारींची रूपे आखीत. पण त्यांना सवय अशी की, मोटार काढली की ती ज्या रस्त्यावर उभी आहे तो रस्ताही काढायचा. स्कॉट यांना तो रस्ता इतका आवडला की सारे शहरच त्या वळणावर आखले गेले.

मीड यांचा तर्क साधा होता. शहर पाडून नवे बांधणे कोणालाच परवडत नाही. मग माणसे काय करतात? जुन्या इमारतीलाच नवे नळ, नव्या तारा, नवी यंत्रे जोडतात. म्हणजे भविष्यातील शहर नवे नसेल, ठिगळे लावलेले असेल. ज्यांनी जुन्या चाळीच्या भिंतीवर नव्या टाक्या, वातानुकूलन यंत्रे आणि केबलच्या तारांची जाळी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

चित्रीकरण झाले ते स्टुडिओच्या आवारातील एका जुन्या रस्त्यावर. शेकडो चित्रपटांत वापरलेला तो रस्ता ओळखू येऊ नये म्हणून रात्र, धूर आणि अखंड पाऊस यांची योजना केली. अडचणीतून निघालेला तो उपाय चित्रपटाचा आत्माच होऊन बसला. या शहरात ऊन दिसते ते फक्त कृत्रिम मानव बनविणाऱ्या उद्योगपतीच्या उंच मनोऱ्यात. खाली गर्दीवर पाऊसच पडत राहतो. खरे प्राणी इतके दुर्मिळ झालेले की धनिकाच्या घरचे घुबडही बनावट. कोण सुखात आहे, कोण दुःखात आणि माणसाने काय गमावले आहे, हे कोणीही भाषण करून सांगत नाही. नेपथ्यच ते सांगते.

डग्लस ट्रंबल यांच्या चमूने तयार केलेली या शहराची काही दृश्ये लेखक डिक यांना दाखविली गेली, तेव्हा ते हरखून गेले होते. पूर्ण चित्रपट पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. प्रदर्शनापूर्वी जेमतेम चार महिने, मार्च १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

हार आणि एक योगायोग

२५ जून १९८२ रोजी 'ब्लेड रनर' लागला आणि पडला. दोनच आठवडे आधी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'ई.टी.' आला होता आणि सारी कुटुंबे त्या गोंडस परग्रहवासीयाकडे धावत होती. या उदास, पावसाळी कथेला गर्दी जमेना.

११ एप्रिल १९८३ च्या ऑस्कर समारंभात चित्रपटाला दोनच नामांकने होती. दृश्यपरिणामांचे पारितोषिक 'ई.टी.'ने नेले आणि कलादिग्दर्शनाचे रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'ने. त्याच रात्री 'गांधी'च्या वेषभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्यासोबत हे पारितोषिक विभागून घेणारे दुसरे वेषभूषाकार कोण? डार्थ व्हेडरला कपडे चढविणारे तेच जॉन मोलो!

वरवर हा योगायोग आहे. पण त्यात अर्थही आहे. एकीकडे गेलेला काळ उभा करायचा, दुसरीकडे न आलेला. दोन्हीकडे कापड अंगावर वापरून विटल्यासारखे दिसले पाहिजे. खादीची सुरकुती आणि अंतराळवीराच्या बुटावरची धूळ या दोहोंच्या मागे सारखेच कष्ट असतात.

थांबवून पाहणारे

चित्रपटगृहांतून हद्दपार झालेला 'ब्लेड रनर' व्हिडिओ कॅसेटवरून घरात शिरला आणि तेथे त्याचे नशीब पालटले. चाहते बटण दाबून चित्र जागच्या जागी थांबवू लागले. तेव्हा कळले की, रस्त्यावरच्या पार्किंगच्या मीटरवर छेडछाड केल्यास विजेचा धक्का बसून जीव जाईल, अशी सूचना आहे. वृत्तपत्रांच्या टपरीवर टांगलेल्या मासिकांची मुखपृष्ठे खास छापलेली आहेत. दूरच्या इमारतींत 'स्टार वॉर्स'मधल्या एका यानाची प्रतिकृती उभी करून दडविली आहे. जे क्षणभरही दिसणार नाही त्यावर कोणी इतका जीव का टाकला असेल, या प्रश्नापासून सिड मीड हे नाव चाहत्यांच्या तोंडी झाले.

१९९० साली लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात या चित्रपटाची एक जुनी, कच्ची प्रत दाखविली गेली आणि प्रेक्षक चकित झाले. बाजारात आलेल्या आवृत्तीत नायकाचे निवेदन आणि गोड शेवट होता. या प्रतीत गोड शेवट नव्हता आणि निवेदनही जवळजवळ नव्हते. प्रेक्षकांना समजावे म्हणून ते मागाहून चिकटविलेले होते. गोड शेवटातील डोंगरांची दृश्ये तर कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी घेतलेल्या आणि न वापरलेल्या चित्रणातली होती! कच्च्या प्रतीच्या खेळांना गर्दी लोटली. परिणामी १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट काढून नवी आवृत्ती आली आणि २००७ मध्ये स्कॉट यांनी अंतिम आवृत्ती सिद्ध केली. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याचे नाव लागले.

२०१७ मध्ये 'ब्लेड रनर २०४९' आला. त्याच्या दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळाले. त्यात मोठा वाटा असलेली डीएनईजी ही कंपनी २०१४ पासून मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडलेली होती. संगणकाच्या या काळातही त्या चित्रपटातील काही इमारती न्यूझीलंडमधील कारागिरांनी हातांनी प्रतिकृती बनवून उभ्या केल्या.

खरा नोव्हेंबर २०१९ आला आणि गेला. उडत्या मोटारी आल्या नाहीत. पण भव्य पडद्यांवरच्या जाहिराती, धुरकट आकाश आणि जुन्यावर नव्याची ठिगळे लावलेली शहरे मात्र सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला सिड मीड यांचे निधन झाले. त्यांनी आखलेले साल त्यांना पाहता आले.

आता चित्र थांबविणे फारच सोपे झाले आहे. घरी मुलांबरोबर एखादा विज्ञानपट पाहताना एकदा तरी मध्येच थांबून त्यांना विचारावे: या खोलीत कोण राहत असेल? तो जेवतो कोठे? हा दिवा बिघडला तर कोण दुरुस्त करील? उत्तर पडद्यावर सापडले, तर त्यामागे कोणीतरी रात्री जागविल्या आहेत असे समजावे. आणि शेवटी नावे सरकू लागली की दिवे लावण्याची घाई करू नये.