बसायला एक स्टूल द्या!

परवा चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. कापडाच्या दुकानात विक्रीचे काम करतात. "डॉक्टरसाहेब, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, पाय ठणकतात. ताकदीचं इंजेक्शन द्या," म्हणाल्या. पाय पाहिले, तर पोटरीवर निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा फुगलेल्या आणि घोट्याजवळची कातडी काळपट. "ताई, दिवसातून किती वेळ उभ्या असता?" मी विचारले. "सकाळी दहापासून रात्री साडेआठपर्यंत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा मालकांचा नियम आहे."

प्रामाणिकपणे सांगतो, पूर्वी अशा रुग्णांना मीही वेदनाशामक गोळ्या देऊन मोकळा होत असे. काम काय करता, हे विचारतच नसे. ती चूकच होती. का, ते समजण्यासाठी आपल्या रक्तवाहिन्यांची रचना पाहू.

हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. ते वाहून नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती जाड आणि लवचिक असतात. ठोक्यासरशी त्या ताणल्या जातात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे सारतात. पुढे केशवाहिन्या लागतात. त्या इतक्या बारीक, की तांबड्या पेशींना एकामागून एक रांगेने जावे लागते. तिथवर पोचेतो हृदयाने दिलेला जोर बराचसा संपलेला असतो. आता हेच रक्त पायापासून छातीपर्यंत, म्हणजे तीन-चार फूट वर चढवायचे असते. हे काम पातळ भिंतींच्या नीलांकडे आहे.

त्यासाठी निसर्गाने नीलांमध्ये झडपा बसवल्या आहेत. त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात. इटलीतील पाडुआ येथे फॅब्रिशियस यांनी १६०३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा पुरावा दिला. तुम्हीही पाहा. हात खाली सोडून हातावरची एखादी ठळक शीर एका बोटाने दाबा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने निपटा. मध्ये झडप असेल, तर वरचे बोट काढले तरी शीर रिकामीच राहते. खालचे बोट काढताच ती भरते.

पण झडपा रक्त नुसते अडवून धरतात. ते वर ढकलतात पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळले की नीला पिळल्या जातात. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी नीलांमधला दाब सुमारे ९० मिलिमीटर असतो. चालू लागताच तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे पायांना त्रास होतो तो चालण्याने नव्हे, एका जागी खिळून राहण्याने. नीला फुगतात, झडपांच्या पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत आणि रक्त मागे गळू लागते. अानुवंशिकता, बाळंतपणे, वजन हीही कारणे आहेतच. पण तासन् तास उभे राहण्याने त्यांत भर पडते. दुर्लक्ष केल्यास पुढे घोट्याजवळ जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही.

केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांना बसायची सोय देणारी दुरुस्ती आपापल्या कायद्यात केली. पण माझ्या मते एका स्टुलासाठी कायद्याचा बडगा कशाला हवा? बसलेला नोकर म्हणजे आळशी नोकर, ही समजूत मालकांनी सोडावी. आणि आपण गिऱ्हाइकांनीही, आपल्यासाठी कोणी उठून उभे राहिले नाही म्हणून रागावू नये.

उभ्याने काम करणाऱ्यांनी अधूनमधून चार पावले चालावे, टाचा वर-खाली कराव्यात, रात्री पायांखाली उशी घ्यावी. लवचिक मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. शीर फुटून रक्त आले, तर आडवे होऊन पाय उंच धरावा, जागा दाबून ठेवावी आणि दवाखाना गाठावा. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर तेल लावून चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्या बाईंना मी इंजेक्शन दिले नाही. मालकांच्या नावे चिठ्ठी दिली : 'यांना बसायला स्टूल द्यावे.' औषधाइतकीच ती चिठ्ठीही गरजेची आहे, असे मला वाटते.