धोका कमी झाला, हे ठरवायचे कोणी?

चेंबरमध्ये उतरणाऱ्याला गमबूट, हातमोजे आणि तोंडाला मास्क दिला, वहीत सही घेतली, की ठेकेदार म्हणतो, "सुरक्षेची व्यवस्था केली आहे." आम्ही विचारतो, यातून धोका किती कमी झाला?

गटारात माणूस मरतो तो बहुतेक वेळा विषारी वायूने. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले, की नाकाला वास कळेनासा होतो. कामगाराला वाटते, वास गेला, आता भीती नाही. प्रमाण आणखी बरेच वाढले, की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला साथीदारही तिथेच पडतो. कापडी मास्क वायू अडवत नाही. प्राणवायूच कमी असेल, तर फिल्टरचा मास्कही कामाचा नाही. वस्तू वाटल्या, धोका मात्र होता तेवढाच राहिला.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेफ्टी टँक हाताने साफ करून घेण्यावर बंदी घातली. 'साधने दिली' एवढे कागदावर दाखवण्याची पळवाट इथूनच काढली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये ठरवली. ती कुटुंबाला मिळालीच पाहिजे. पण भरपाई वाढल्याने चेंबरमधला वायू कमी होत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पहिला प्रश्न 'कोणते साधन दिले' हा नसून 'माणूस उतरवायचाच कशाला' हा आहे. जेटिंग आणि सक्शनची गाडी असताना माणूस उतरवणे म्हणजे धोका कमी करणे नव्हे, तो आपल्या माणसावर ढकलणे होय. यंत्र चालणारच नाही असे कोणी म्हणाले, तर वायू मोजण्याचे मीटर, बाहेरून हवा पुरवणारा मास्क, कमरेचा पट्टा आणि दोर, वर ओढायला माणसे, हे सगळे आधी दाखवा म्हणावे. यातले एक जरी नसेल, तर उतरायचे नाही.

माय-बहिणींनो, घरातला माणूस या कामाला निघाला, तर मजुरीच्या आधी हे विचारा. आणि कोणी आत पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका; 101 आणि 108 ला फोन करा.